न्यू लॅनार्क : अर्धा दिवस मागणारे गिरणीगाव

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टकडून ग्लासगोच्या दिशेने मोटारीने निघालेले बहुतेक प्रवासी एम७४ महामार्गावर इंधन आणि कॉफीपुरते थांबतात आणि पुढची वाट धरतात. त्या महामार्गावरून थोडे आत वळले, की लॅनार्क हे जुने बाजारगाव लागते. तिथून दोनेक किलोमीटरवर, क्लाइड नदीच्या खोल घळीत, न्यू लॅनार्क ही अठराव्या शतकातील सूतगिरण्यांची वसाहत उभी आहे. स्कॉटलंडच्या प्रवासात उद्योगाच्या इतिहासाशी निगडित एकच ठिकाण पाहण्याइतका वेळ असेल, तर मी हेच सुचवीन. मात्र जेवणाच्या सुट्टीत तास-दीड तासात उरकण्याचे हे ठिकाण नाही. तसे उरकणारे लोक दगडी इमारतींची छायाचित्रे काढून, दुकानातून एखादी वस्तू घेऊन परततात आणि ‘छान आहे, पण विशेष काही नाही’ असा शेरा देतात. विशेष जे आहे ते सावकाश चालल्याशिवाय आणि एका जागी थोडे थांबल्याशिवाय कळत नाही.

मुख्य वाहनतळ टेकडीच्या माथ्यावर आहे आणि तिथून गावापर्यंत उताराची पायवाट जाते. उतरताना काहीच जाणवत नाही, परतताना मात्र चढ चांगलाच जाणवतो. चालण्याची अडचण असणाऱ्यांसाठी खाली गावात राखीव जागा आहेत, त्यामुळे वयस्कर मंडळी बरोबर असतील तर त्याची चौकशी आधीच करून ठेवावी. इतरांनी मात्र पायवाटेनेच उतरावे, कारण अख्खे गाव एका नजरेत दिसते ते याच वाटेवरून. नदीला समांतर उभ्या असलेल्या उंच गिरण्या, त्यांच्यामागे कामगारांच्या घरांच्या लांब ओळी, फिकट वालुकाश्माच्या भिंती, पाटीच्या दगडाची काळसर छपरे आणि सगळ्याला वेढून असलेली गर्द झाडी असे ते दृश्य आहे. घळ इतकी अरुंद आहे, की गावाला पसरायला जागाच नव्हती. त्यामुळे गावाचा जुना आराखडा जवळजवळ जसाच्या तसा टिकला.

गावात फिरायला तिकीट लागत नाही, आणि ही गोष्ट दिसते तितकी किरकोळ नाही. येथील बहुतेक घरांत आजही माणसे राहतात, काही भाड्याने तर काही स्वतःच्या मालकीच्या घरात. त्यामुळे खिडकीत कुंड्या दिसतात, दारात सायकली दिसतात, आणि पडदा सरकवून पाहुण्यांकडे त्रासिक नजरेने पाहणारा एखादा रहिवासीही दिसतो. तिकीट लागते ते गिरणीतील यंत्रे व प्रदर्शने, शाळेचा वर्ग, कामगाराचे घर, जुने गावदुकान आणि पुढे या गिरण्यांचे मालक झालेल्या रॉबर्ट ओवेन यांचे घर आतून पाहण्यासाठी. या सर्वांना मिळून एकच तिकीट असते आणि माझ्या मते त्याचे पैसे वसूल होतात, अट एवढीच, की पाहण्याचा क्रम नीट लावावा.

बहुतेकजण आधी गिरणीत शिरतात. मी सुचवीन, की आधी नदीकाठाने धबधब्यांकडे जावे, कारण या गावाचे अस्तित्वच मुळी त्या पाण्यामुळे आहे. ग्लासगोचे व्यापारी आणि बँकेचे प्रतिनिधी डेव्हिड डेल यांनी १७८४ मध्ये सूतकताईच्या यंत्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या रिचर्ड आर्कराइट यांना हे धबधबे दाखवले. पुढच्याच वर्षी बांधकाम सुरू झाले आणि १७८६ मध्ये पहिल्या गिरणीत सूत निघू लागले. आर्कराइट यांची भागीदारी लवकरच संपली, पण त्यांनी हेरलेले पाणी गिरण्यांना पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ पुरले. नदीचे पाणी वरच्या अंगाने वळवून, खडक फोडून काढलेल्या बोगद्यातून एका पाटाने गिरण्यांच्या चाकांपर्यंत आणलेले आहे. हा पाट आजही वाहतो. गावात कुठेही उभे राहिले तरी त्याचा आवाज कानावर येतो, आणि तिसऱ्या क्रमांकाच्या गिरणीत त्याच पाण्यावर टर्बाइन चालवून वीज तयार केली जाते.

गावाला लागूनच डंडॅफ लिन हा लहानसा धबधबा आहे, आणि पुढे अर्ध्या तासाच्या आत चालत गेले, की कोरा लिन लागतो. त्याची उंची सुमारे २६ मीटर आहे. टर्नरने तो चितारला आणि वर्ड्‌स्वर्थने त्यावर कविता लिहिली, ती गिरण्या जोरात चालू असतानाच्या काळात. येथे एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. १९२७ पासून बॉनिंग्टन येथील जलविद्युत केंद्र धबधब्याच्या वरच्या बाजूला नदीचे पाणी काढून घेते आणि ते कोरा लिनच्या खाली परत सोडते. त्यामुळे कोरड्या आठवड्यात गेलेल्या माणसाला चित्रातला धबधबा दिसत नाही, त्याच्या जागी ओल्या कातळावरून ओघळणारे काही प्रवाह दिसतात. भरपूर पाऊस झाल्यानंतर जावे, म्हणजे घळ दणाणून जाते. स्कॉटलंडमध्ये पावसाची वाट फार पाहावी लागत नाही, हा त्यातला दिलासा. वाटेत फळ्यांचा पूलवजा मार्ग आहे, तो पावसात निसरडा होतो, तेव्हा चांगल्या तळव्याचे बूट हवेत. वर झाडीत एका जुन्या मंडपाचे अवशेष आहेत. १७०८ मध्ये बांधलेल्या या मंडपात आरसे बसवले होते, जेणेकरून धबधब्याकडे पाठ करून बसलेल्या पाहुण्यालाही पाणी अंगावर कोसळत असल्याचा भास व्हावा. श्रीमंतांच्या करमणुकीचे पाणी आणि गरिबांच्या राबणुकीचे पाणी एकाच नदीचे आणि अवघ्या काही मिनिटांच्या अंतरावरचे होते, हे हा मंडप पाहिल्यावर लक्षात येते.

तिथून परतल्यावर गिरणीत जावे. तिसऱ्या क्रमांकाच्या गिरणीतील जुने कताईयंत्र, ज्याला ‘म्यूल’ म्हणतात, हा या संपूर्ण भेटीचा गाभा आहे. ते बंद काचेमागे ठेवलेले नाही, त्यावर खरोखर सूत काततात. यंत्राचा पुढचा भाग चाकांवर बसवलेला एक लांबलचक गाडा आहे आणि त्यावर चात्यांची रांग असते. गाडा हळूहळू बाहेर येतो तसतसे शेकडो धागे एकाच वेळी ताणले जातात आणि त्यांना पीळ बसतो. गाडा शेवटाला पोहोचला, की क्षणभर थांबतो, आणि मग आत सरकताना तेच धागे चात्यांवर गुंडाळले जातात. बाहेर, थांबा, आत, असा हा क्रम चालू राहतो. दोन-तीन मिनिटे पाहून पुढे जाण्याचा मोह होतो, पण तेथे जरा जास्त वेळ उभे राहावे. मग डोळे गाड्यावरून हटून गाड्याखालच्या जागेकडे जातात. लहान मुले चालत्या यंत्राखाली शिरून सांडलेला कापूस गोळा करीत आणि तुटलेले धागे सांधण्यासाठी गाड्याच्या मागेपुढे धावत, हे पुस्तकात अनेकदा वाचलेले असते. प्रत्यक्षात ती जागा किती ठेंगणी आहे आणि गाडा परत येण्याआधी मिळणारा अवधी किती तुटपुंजा आहे, हे पाहिल्यावर त्या वाक्याचा अर्थ लागतो.

एक बारीक तपशील बरेच पाहुणे निसटू देतात. न्यू लॅनार्क हे कापसाचे गाव होते, पण आज या यंत्रावर निघते ते लोकरीचे सूत. ते येथील दुकानात विकले जाते, विणकाम करणाऱ्यांना ते आवडेल आणि त्याच्या विक्रीतून गावाच्या देखभालीला हातभार लागतो. व्यवहार म्हणून हे योग्यच आहे. परंतु स्थानिक मेंढ्यांची लोकर हातात धरणाऱ्याच्या मनात कापूस कोठून येत होता हा प्रश्न सहजी येत नाही, आणि तो प्रश्न यायला हवा. कापूस वेस्ट इंडीज आणि अमेरिकेतील मळ्यांतून येत होता आणि तो गुलामांनी पिकवलेला होता. त्यातला विरोधाभास असा, की डेव्हिड डेल स्वतः ग्लासगोमधील गुलामांच्या व्यापाराविरोधी संस्थेचे अध्यक्ष होते. एकाच माणसाच्या आयुष्यात या दोन्ही गोष्टी कशा नांदल्या, यावर एक स्वतंत्र दालन सहज भरेल. सध्या हा भाग वाचणाऱ्याला शोधावा लागतो, तो समोरून भेटीला येत नाही.

याउलट रॉबर्ट ओवेन जागोजागी भेटतात. वेल्समध्ये जन्मलेल्या या तरुणाने आपल्या भागीदारांसह १७९९ मध्ये साठ हजार पौंडांना गिरण्या विकत घेतल्या, त्याच वर्षी डेल यांच्या मुलीशी, कॅरोलिनशी, लग्न केले आणि १ जानेवारी १८०० पासून कारभार हाती घेतला. दहा वर्षांखालील मुलांना कामावर घेणे त्यांनी बंद केले, कामाचे तास कमी केले आणि आजारपणासाठी पगारातून लहानशी कपात करून निधी उभा केला. १८०६ च्या सुमारास अमेरिकेहून कापूस येणे थांबले, तेव्हा गिरण्या चार महिने बंद ठेवूनही त्यांनी कामगारांना पूर्ण पगार दिला. गावातील दुकानात चांगला माल ठोकभावाने आणून रास्त दरात विकला जाई आणि नफा शाळेवर खर्च होई. १८४४ मध्ये इंग्लंडमधील रॉचडेलला सुरू झालेल्या सहकारी दुकानामागे ओवेन यांच्या विचारांची प्रेरणा होती. सहकाराच्या छायेत वाढलेल्या मराठी माणसाला त्या छोट्याशा दुकानाच्या फळीसमोर उभे राहताना काहीसे ओळखीचे वाटेल.

शाळेचा वर्ग हे पाहण्यासारखे दुसरे ठिकाण. १ जानेवारी १८१६ रोजी ओवेन यांनी ‘चारित्र्यघडणीची संस्था’ उघडली आणि पुढे तिच्याजवळ मोठी शाळा उभी राहिली. येथे मुलांना मारायचे नाही, असा दंडक होता. भिंतींवर प्राण्यांची मोठी चित्रे आणि नकाशे टांगलेले असत, आणि अभ्यासात गाणे व नाच यांचाही समावेश होता. नुकते चालू लागलेले मूलही येथे येऊ शके, त्यामुळे आईला गिरणीत कामाला जाता येई. या व्यवस्थेतला दयाळूपणा आणि हिशेबीपणा वेगळे काढता येत नाहीत, आणि काढण्याचा अट्टहासही करू नये. युरोपभरातून लोक हे पाहायला येत. नाचणाऱ्या मुलांकडे वरून पाहणाऱ्या पाहुण्यांची त्या काळची चित्रे उपलब्ध आहेत. पुनर्रचित वर्ग नीटनेटका आहे आणि मुलांना बाकांवर बसून पाटीवर लिहून पाहता येते. सोबत लहान मुले असतील तर ती येथेच सर्वाधिक रमतात.

मला स्वतःला सर्वाधिक वेळ खिळवून ठेवले ते एका ओंजळीएवढ्या लाकडी ठोकळ्याने. त्याला ‘मूक देखरेख्या’ म्हणता येईल. चार बाजूंना चार रंग असलेला हा ठोकळा प्रत्येक कामगाराच्या जागेजवळ टांगलेला असे आणि आदल्या दिवसाच्या वागणुकीप्रमाणे त्याची एक बाजू समोर केली जाई. काळा म्हणजे वाईट, निळा म्हणजे यथातथा, पिवळा म्हणजे चांगला आणि पांढरा म्हणजे उत्तम. कोणीही ओरडत नसे, दंड होत नसे, पण मालक गिरणीतून चालत गेला, की कोणाच्या डोक्यावर कोणता रंग आहे ते त्याला नजरेच्या एका फेरीत कळे, आणि शेजारच्यालाही कळे. या रंगांची रोजची नोंद वहीत होत असे. चाबकाच्या तुलनेत ही सुधारणा होती यात शंका नाही. परंतु कचेरीत संगणकावर हिरवे-पिवळे-लाल ठिपके पाहून दिवस काढणाऱ्या आजच्या माणसाला त्या ठोकळ्यासमोर उभे राहून कौतुकापेक्षा वेगळे काहीतरी वाटते. प्रदर्शनाचा सूर मात्र बराचसा कौतुकाचा आहे. ओवेन यांची उदारता खरी होती, पण गावात दारू कोणी किती प्यावी, घर कोणी किती स्वच्छ ठेवावे, रात्री घराबाहेर कोणी राहावे, हे सगळे ठरवणारा मालकही तोच होता. कामगारांच्या तोंडून या कारभाराची बाजू फारशी ऐकू येत नाही, आणि माझी या स्थळाबद्दलची मुख्य तक्रार हीच आहे.

ही उणीव थोडीफार भरून काढते ते कामगाराचे घर. येथे १८२० च्या दशकातील एक खोली आणि १९३० च्या दशकातील एक खोली शेजारीशेजारी मांडली आहे. भिंतीत बसवलेला पलंग, त्याखालून चाकांवर ओढून काढायचा मुलांचा दुसरा पलंग, मधोमध चूल आणि एवढ्यात अख्खे कुटुंब. मुंबईच्या गिरणगावातील दहा बाय बाराच्या खोलीत बिऱ्हाड केलेल्यांच्या नातवंडांना या खोलीची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. शंभर वर्षांनंतरच्या खोलीत विजेचा दिवा आलेला दिसतो. गावाला १८९८ पासून गिरणीच्याच पाण्यावर तयार होणारी वीज मोफत मिळे, पण दिवे मंद असत आणि रात्री दहाच्या सुमारास ती बंद होई. झोपायची वेळही गिरणीच ठरवीत होती. घरात थंड पाण्याचा नळ आणि जिन्यावर सामाईक शौचालय १९३३ मध्ये आले. ओवेन यांना जाऊन तोवर पाऊणशे वर्षे झाली होती. या खोल्यांत माहितीचे फलक कमी आहेत आणि त्यामुळेच त्या अधिक परिणामकारक वाटतात.

गिरणीतील ॲनी मॅक्लाउड नावाच्या मुलीच्या गोष्टीची सफर ही या मानाने सर्वांत कमकुवत बाजू आहे. फिरत्या खुर्चीत बसवून अंधारातून नेले जाते आणि १८२० मधील एका गिरणीतील मुलीचे भूत आपल्या दिवसांची कहाणी सांगते. दहा-बारा वर्षांच्या मुलांना ती आवडेल. मोठ्यांनी वेळ कमी असल्यास ती वगळून तोच वेळ म्यूलजवळ घालवावा. दुसऱ्या क्रमांकाच्या गिरणीच्या छतावरील बाग मात्र वगळू नये. तेथून नदी, पाट आणि घरांच्या ओळी यांचा परस्परसंबंध नकाशासारखा उलगडतो. ओवेन यांचे घर पाच मिनिटांत पाहून होते. मालकाचे घर म्हणून ते अपेक्षेपेक्षा साधे आहे, एवढेच त्याबद्दल सांगण्यासारखे.

हे सारे आज उभे आहे याचे श्रेय ओवेन यांच्याइतकेच गेल्या पन्नास-साठ वर्षांतील लोकांना द्यावे लागेल, आणि त्यांची हकिगत मला ओवेन यांच्या हकिगतीपेक्षा कमी रोचक वाटली नाही. ओवेन १८२० च्या दशकात नवे आदर्श गाव वसवायला अमेरिकेत इंडियानाला गेले आणि ते गाव लवकरच फसले. न्यू लॅनार्कच्या गिरण्या मात्र नवनव्या मालकांच्या हाती मासेमारीची जाळी आणि कॅनव्हास तयार करीत १९६८ पर्यंत चालल्या. त्या बंद पडल्यावर गिरण्यांच्या इमारती भंगारातून धातू काढणाऱ्या एका कंपनीकडे गेल्या, घरे रिकामी होऊ लागली आणि पाडकामाची चर्चा सुरू झाली. १९७४ मध्ये जतनासाठी न्यास स्थापन झाला, १९८३ मध्ये गिरण्या सक्तीच्या खरेदीने त्या कंपनीकडून सोडवल्या गेल्या आणि २००१ मध्ये युनेस्कोने या गावाला जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता दिली. न्यासाने आधी घरे दुरुस्त करून त्यात लोक वसवले आणि मग पर्यटकांचा विचार केला, असे एकंदर दिसते. हा क्रम उलटा झाला असता, तर आज आपण चित्रपटाच्या सेटवर फिरत असतो. पहिल्या क्रमांकाच्या गिरणीचे वरचे मजले १९४५ मध्ये काढून टाकलेले होते. ते पुन्हा चढवून १९९८ मध्ये तेथे हॉटेल सुरू करण्यात आले. नव्याने चढवलेले मजले आणि जुनी भिंत यांतील सांधा सहज ओळखू येत नाही. काही जाणकारांना हे खटकते, त्यांच्या मते जुने कोठे संपते आणि नवे कोठे सुरू होते हे दिसायला हवे. मला हा आक्षेप तत्त्वतः पटतो, पण घळीतून पाहताना इमारतींची अखंड रांग दिसते तेव्हा तो आग्रह बराचसा सैल होतो.

मुक्कामाबद्दल थोडे. हॉटेलात नदीकडील खोली मागून घ्यावी. पाण्याचा आवाज रात्रभर येतो, तो न सोसणाऱ्यांनी दुसऱ्या बाजूची खोली घ्यावी. त्याच रांगेत नदीला चिकटून स्वतः रांधून राहण्याची घरेही भाड्याने मिळतात आणि चार-पाच जणांच्या कुटुंबाला ती अधिक सोयीची पडतात. गावातील खाण्याची सोय सूप, सँडविच, भाजलेला बटाटा आणि केक एवढ्यापुरती आहे. ती पोटाला आधार देते, पण तिच्यासाठी वाट वाकडी करण्याचे कारण नाही. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. किराणा किंवा औषधे हवी असतील, तर ती वर लॅनार्कमध्येच घेऊन मग खाली उतरावे. ज्यांच्याकडे मोटार नाही त्यांना ग्लासगोहून लॅनार्कपर्यंत रेल्वे आहे, पुढचे अंतर चालत किंवा स्थानिक बसने जाता येते.

हिवाळ्यात दिवस फार लवकर मावळतो आणि नदीकाठची वाट अंधारात चालण्यासारखी नाही. तेव्हा नोव्हेंबर ते जानेवारी या काळात जाणाऱ्यांनी सकाळी पोहोचून आधी धबधबे उरकावेत आणि मग प्रदर्शने पाहावीत. उन्हाळ्यात नेमके उलटे करता येते. प्रदर्शने संध्याकाळी बंद झाल्यावरही उजेड बराच वेळ टिकतो आणि कोरा लिनची वाट मोकळी मिळते. पुढे एडिंबरोला जायचे असेल तर येथून तासाभराचा रस्ता आहे, त्यामुळे दुपारी चारला निघण्याची घाई करण्याचे कारण नाही.